बिघाड कुठला, आवाज कुठला?

1951 साली 'रॉकेट 88' ध्वनिमुद्रित करायला आइक टर्नरची मंडळी मेम्फिसला पोहोचली, तोवर गिटारवादक विली किझार्टच्या अॅम्पचा स्पीकर फाटला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि जो खरखरीत आवाज निघाला तोच रेकॉर्डवर घेतला. पुढे 1964 मध्ये 'किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या अॅम्पचा स्पीकर मुद्दाम ब्लेडने चिरला.

व्हॉल्व्हचा गिटार अॅम्प दुरुस्त करणाऱ्याचा पेच इथेच सुरू होतो. रेडिओने आवाज फाटका काढला की तो बिघडला. गिटार अॅम्प मात्र त्याच फाटक्या आवाजासाठी विकत घेतला जातो.

काही बाबतींत वादाला जागा नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालायचा. घुमणारा आवाज 100 हर्ट्झचा असेल तर संशय याच कपॅसिटरवर. 50चा असेल तर हीटरच्या तारांवर किंवा अर्थिंगवर.

आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली की खरी कसोटी. नवा व्हॉल्व्ह घातला तर तोही तापतो, कारण गुन्हेगार बहुधा त्याच्या अलीकडचा कपलिंग कपॅसिटर असतो. आधीच्या टप्प्याचा डीसी अडवायचा आणि सूर तेवढा पुढे सोडायचा, हे त्याचं काम. तो गळू लागला की ग्रिडवरचा ऋण दाब खचतो आणि व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो. आउटपुट व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनेवर मीटर धरायचा, मग कपॅसिटरचं एक टोक सोडवून पुन्हा पाहायचं. आकडा बदलला, की चोर सापडला.

मग सगळेच जुने भाग का बदलू नयेत? कारण भाग बदलले की आवाजही बदलू शकतो. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात 1962 मध्ये तयार झालेला जेटीएम45 अॅम्प म्हणजे फेंडरच्या बेसमन अॅम्पच्याच सर्किटची नक्कल. पण पहिला व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर वेगळे पडले, तेवढ्यानं आवाजाचा बाज पालटला. म्हणूनच जाणता कारागीर वय झालेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलतो, गळका कपॅसिटर काढतो आणि मूल्य किंचित सरकलेल्या कार्बन रेझिस्टरला उगाच हात लावत नाही.

एवढं करूनही वादक नाक मुरडू शकतो. तेव्हा बायस, म्हणजे ग्रिडवरचा तोच ऋण दाब, थोडा हलवून पाहता येतो, पण आउटपुट व्हॉल्व्ह ईएल34 असेल तर त्याच्या प्लेटची 25 वॅटची मर्यादा सांभाळून.