तहानेवर मतं

नगरपालिकेनं लोकांचं ऐकावं असं सगळेच म्हणतात. हिंगोलीच्या मिलमधे पाळी भरणाऱ्या मलाही ते पटतं. नळ, नाली, दिवाबत्ती, बोलल्याबिगर काही मिळत नाही. पण ऐकावं कुणाचं?

महाड आठवा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली. आणि त्याच वर्षी ऑगस्टात पालिकेनं आपला ठराव मागं घेतला. म्हणजे पालिका बहिरी नव्हती. तिला गावाचं ऐकू आलं, फक्त गाव म्हणजे सवर्ण. पुढं कज्जा चालला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

म्हणून मत आणि हक्क यांची गल्लत नको. रस्ता आधी कुठला करायचा, बाजार कुठं भरवायचा, यावर खुशाल हात मोजा. तहानेवर हात मोजायचे नसतात. दहा जण नको म्हणाले म्हणून अकराव्याच्या घशाची कोरड जात नाही.

तरी बोलणं सोडू नका. आपण गप बसलो की त्यांचं मत तेच गावाचं मत ठरतं. पालिकेत जा, बोला, अर्ज द्या. अर्जातले 'कृपा करावी' हे दोन शब्द तेवढे गाळा.