त्यांना काहीच नको होतं का?

आजचं वाचन: रोमकरांस पत्र 1:8-15



पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा त्याने रोम पाहिलंही नव्हतं. तिथली मंडळी त्याने स्थापलेली नव्हती. वचन 11 आणि 12 जरा सावकाश वाचा. आधी तो सांगतो की तुम्हाला आत्मिक दान द्यावं म्हणून मला भेटीची ओढ लागली आहे. पण लगेच पुढच्या वचनात तो स्वतःलाही घेणाऱ्यांत बसवतो: तुमच्या विश्वासाने मला धीर मिळावा, माझ्या विश्वासाने तुम्हाला.

आमच्या नाशिकच्या तरुण संघाचं सध्या मोंबासाच्या एका मंडळीला भेट द्यायचं चाललंय. नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शरणपूरला वाढली, शिकली. त्यांतले बरेच जण पुढे आफ्रिकेला परतले आणि 1875 मध्ये मोंबासाजवळ वसलेल्या फ्रीरटाऊनच्या उभारणीत राबले. नाशिकला शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये तिकडे पाळकीय दीक्षा मिळाली. म्हणजे आपल्याकडे आसरा घेणारेच तिकडे मंडळीचे खांब झाले.

तरी आमच्या बैठकीत यादी झाली ती फक्त ‘काय न्यायचं’ याची. वह्या, कपडे, गिटार, मुलांसाठी खेळ. तिथून काय घ्यायचं, हा रकानाच नव्हता.

माझं गाव सुरगाणा तालुक्यातलं. भात-नागलीची कामं उरकली की अर्धं गाव निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातं. मी शाळेत असताना परदेशातल्या एका मंडळीचे पाहुणे गावी आले होते. माणसं खरंच प्रेमळ. ब्लँकेटं वाटली, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली, फोटो काढले. आजीने नागलीची भाकरी पुढे केली, तर त्यांनी हसून हात जोडले. पोट बिघडेल ही भीती असेल, समजू शकतो. गाडी गेल्यावर आजी म्हणाली, “एवढ्या लांबून आले. आपल्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली. त्यांना काहीच नको होतं का? प्रार्थनासुद्धा?”

आजीला आलेल्या माणसांसाठी गुडघे टेकायचे होते. तिच्याकडे द्यायला तेच होतं, आणि ते कुणी मागितलंच नाही.

आता कुणी म्हणेल, मग काही न्यायचंच नाही का? तसं नाही. ती ब्लँकेटं आमच्या घरात कितीतरी थंड्या पुरली. स्वतः पौलही यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत घेऊन निघाला होता (15:25-26). द्यावंच. पण जो फक्त देतो, तो नेहमी एक पायरी वर उभा राहतो. समोरच्याचं घेतो, तेव्हाच तो त्याच्या शेजारी बसतो. भाऊ-बहीण म्हणवून घ्यायचं तर हे बसणं टाळता येत नाही.

पौलाने ते टाळलं नाही. याच पत्राच्या शेवटी तो रोमकरांना विनवतो की माझ्यासाठी प्रार्थना करा (15:30). आणि शेवटी रोमला पोचला तो कसा? कैदी म्हणून. तिथले बंधू त्याला भेटायला वाटेवर पुढे आले, आणि त्यांना पाहूनच त्याला धीर आला (प्रेषितांची कृत्ये 28:15). पत्रात जे मागितलं होतं, ते त्याला शहराच्या वेशीबाहेरच मिळालं.

आमच्या यादीत आता एक ओळ वाढली आहे: प्रत्येकाने स्वतःची एक खरी गरज तिथल्या मंडळीला सांगायची आणि प्रार्थना मागायची. ब्लँकेटं वाटण्यापेक्षा हे अवघड जाणार आहे.

आजचा विचार: तुम्ही ज्यांना मदत करता, त्यांच्यापैकी कुणाला कधी म्हणालात का, “माझ्यासाठी प्रार्थना कर”?

प्रार्थना: प्रभू, तू विहिरीपाशी एका शोमरोनी बाईकडे पाणी मागितलंस. आम्हालाही मागायला शिकव. आमेन.