भाकरीचें घर

शास्त्रपाठ : लूक २ : १–२०, मत्तय ५ : २३–२४, ७ : २४–२७



नाताळच्या दिवसांत जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, अमेरिका इत्यादि देशांतील कुटुंबांत एक मौजेची चाल आहे. आलें, दालचिनी व लवंग घालून मळलेल्या गोड कणकेच्या जाड पोळ्या भाजतात, त्यांच्या भिंती व छप्पर करितात, आणि दळलेली साखर व अंड्याचा पांढरा भाग घोटून केलेल्या लेपानें तीं जोडून मेजावर एक लहानसें घर उभें करितात. इंग्रजींत त्यास जिंजरब्रेड हाउस म्हणतात. कोणी त्यास उपासनामंदिराचें रूप देतो, कोणी आगगाडीच्या स्टेशनाचें, कोणी आजोबांच्या शेतावरील घराचें, तर कोणी बेथलेहेमांतील गोठ्याचें. आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करितात, तशांतलाच हा प्रकार. अलीकडे आपल्या शहरांतील कांहीं ख्रिस्ती घरांतही ही चाल दिसूं लागली आहे. म्हणून तिच्यापासून आपणांस कांहीं बोध घेतां येईल काय, हें आज पाहूं.

ही चाल परकी खरी, पण तिची चव सर्वस्वीं परकी नाहीं. मध्ययुगांत मिरीं व आलें मलबारच्या किनाऱ्यावरून अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपांत जात असत. नॉर्वेचे लोक या खाद्यास अजूनही ‘मिऱ्याची पोळी’ अशा अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरांत तर हें खाद्य भाजणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ सालीं स्थापन झाला होता.

या गोड घराची एक गोष्ट ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं छापलेल्या कथासंग्रहांत आहे. एका गरीब लांकूडतोड्याच्या घरीं भाकरी पुरेना, म्हणून हॅन्सेल व ग्रेटेल या आपल्या दोन लेंकरांस आईबापांनीं रानांत सोडून दिलें. भुकेनें व्याकुळ झालेल्या त्या मुलांस झाडींत एक घर दिसलें. त्याच्या भिंती भाकरीच्या होत्या व खिडक्या साखरेच्या. मुलें तें मोडून खाऊं लागलीं. परंतु आंत राहणाऱ्या म्हातारीनें तें घर मुलांस भुलविण्यासाठींच बांधलें होतें. तिनें मुलास कोंडून ठेविलें, आणि तो पुष्ट झाला म्हणजे त्यास खावें असा बेत केला. बाहेरून गोड, आंतून काळ, असें तें घर!

आतां दुसऱ्या घराकडे पाहा. बेथलेहेम या इब्री नांवाचा अर्थच ‘भाकरीचें घर’ असा आहे. तेथें साखरेच्या खिडक्या नव्हत्या. उतारशाळेंतही जागा मिळाली नाहीं. जनावरांच्या गव्हाणींत एक बाळ निजविलें गेलें. पण गव्हाण ही चारा घालण्याची जागा, आणि त्याच बाळानें पुढें आपणच जीवनाची भाकर आहों असें सांगितलें. म्हातारीचें घर मुलांस बोलावून खाऊं पाहत होतें. प्रभूनें भुकेल्यांस बोलावून स्वतःस देऊन टाकलें.

भुकेमुळें टाकलेल्या लेंकरांची गोष्ट आपणांस परकी नाहीं. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत जाऊन शेकडों उपाशी मुली व विधवा यांस आणून केडगांव येथें आश्रय दिला. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळपीडितांसही आणिलें. त्या काळीं अनाथ मुलींस भुलवून नेणारीं घरेंही पुष्कळ होतीं. केडगांवच्या घराच्या भिंती साध्या होत्या, पण आंत भाकर होती, विद्या होती आणि ख्रिस्ताची प्रीति होती.

तर मग आपलें घर या दोहोंपैकीं कोणतें, हा खरा प्रश्न आहे. नाताळ आला कीं आपण भिंतींस रंग देतों, दारावर तारा टांगतों, प्रसंगीं कर्ज काढून नवीं वस्त्रें घेतों. पण आंत काय चाललें आहे? एका अंगणांत दोन भावांच्या दोन चुली असून वर्षभर एकमेकांशीं शब्द नाहीं. सून मध्यरात्रीपर्यंत करंज्या तळते आणि सर्वांच्या मागून उरलेलें खाते. म्हातारे वडील ओसरीच्या कोपऱ्यांत बसून कोणी बोलेल काय म्हणून वाट पाहतात. असें घर बाहेरून कितीही गोड दिसलें, तरी तें माणसें खाणारें घर आहे.

हें मेजावरचें घर बांधणाराला एक नियम पाळावा लागतो. कागदाच्या नमुन्याप्रमाणें तुकडे कापून भाजावे, ते पुरते थंड होऊं द्यावे, मग चार भिंती जोडाव्या आणि सांधे वाळेपर्यंत कित्येक तास थांबावें. छप्पर शेवटीं. ओल्या सांध्यांवर घाईनें छप्पर ठेविलें, तर भिंती फांकतात आणि सर्व घर बसतें. आपणही भावाभावांतील सांधा ओला असतांच त्यावर नाताळच्या मेजवानीचें छप्पर ठेवितों! वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जाण्याची प्रभूची आज्ञा आहे. यास्तव आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यांत जा. समेट वाळावयासही दिवस लागतात.

तरी सांधा मोडला म्हणून कोणी निराश होऊं नये. नॉर्वेंतील बर्गन शहरीं १९९१ पासून शाळांतील मुलें व कुटुंबें आपापलीं घरें आणून अशा खाद्याचें एक सबंध नगर मांडीत आलीं आहेत. २००९ च्या नोव्हेंबरांत कोणीं आंत शिरून तें नगर तुडवून टाकिलें. लेंकरांच्या श्रमाचा चुरा झाला. पण शहरच्या लोकांनीं पुन्हां पीठ मळलें, पुन्हां भिंती भाजल्या, आणि त्याच नाताळांत नगर पुन्हां उभें राहिलें. साखरेच्या घरासाठीं लोक इतकें करितात, तर ज्यासाठीं ख्रिस्त मरण पावला त्या भावासाठीं आपण पुन्हां एकदां त्याचें दार ठोठावूं नये काय?

आणखी असें कीं हें घर टिकण्यासाठीं नसतेंच. दमट हवा लागली कीं भिंती मऊ पडतात. जें घर टिकावयाचें तें खडकावरच बांधिलें पाहिजे. हें मात्र मोडून वाटण्यासाठींच बांधितात, आणि आपल्या धान्याचें व पैशाचेंही तेंच प्रयोजन आहे. कोंडून ठेविलेला गोडवा नासतो.

म्हणून ज्यांस साधेल त्यांनीं मुलांसह असें घर अवश्य बांधावें; भट्टी नसेल त्यांनीं गूळ व सुंठ घालून नानकटाई करावी. बेथलेहेमचा गोठा हाच विषय घ्यावा, आणि बांधतांना मुलांस त्या नांवाचा अर्थ सांगावा. मग तें मोडाल तेव्हां पहिला तुकडा, ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे, त्याच्या घरीं न्यावा; दुसरा, ज्या शेजाऱ्याच्या मुलांस यंदा गोड मिळालें नाहीं, त्यांस द्यावा; आणि घरांतल्यांच्या वांट्यांत सर्वांत आधीं सुनेच्या व म्हाताऱ्यांच्या हातीं ठेवावा.

ज्यानें गव्हाणींत जन्म घेऊन जगास भाकर दिली, तो प्रभु आपलें प्रत्येक घर खरें बेथलेहेम करो. आमेन.