उटीचे दिवस

पाडव्यापासून मृग लागेपर्यंत पंढरीस श्रीविठ्ठल-रखुमाईला चंदनउटी लागते. त्र्यंबकेश्वरी चैत्र वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीला उटी लावतात. तीच उटीची वारी. अहो, जो पंचमहाभूतांचा धनी, त्याला कसला आला उन्हाळा? पण भक्ताला वाटते, आपल्या अंगाची लाही होते तशी देवाचीही होत असेल. हा भाव फार गोड आहे. तोच भाव शेजारच्या घामेजलेल्या देहाविषयी का असू नये, एवढेच आमचे विचारणे.

देहू-आळंदीच्या अवतीभवतीचा मुलूख आता कारखान्यांचा झाला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कितीतरी माळकरी पत्र्याच्या छपराखाली, कोणी भट्टीपुढे, कोणी प्रेसवर उभे असतात. आणि ज्येष्ठ शुद्ध एकादशी, म्हणजे निर्जला, ऐन उकाड्यात येते. भट्टीवरच्या एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, पाळीवर पाणी प्यालो तर एकादशी मोडते का? घरची वडील मंडळी मोडते म्हणतात."

मोडत नाही. महाभारतात विदुरनीतीमध्ये व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत मूळ, फळ, दूध आहे, गुरुवचन आहे, औषधही आहे. आणि सर्वांत पहिले पाणी आहे! शिवाय हिला भीमसेनी का म्हणतात? वर्षाच्या चोवीस एकादशा भीमाला झेपेनात, म्हणून व्यासांनी त्याचे एकीवर भागवले. म्हणजे मुळात ही सवलतीची कथा. लोकांनी तिची सक्ती केली. ज्याची प्रकृती धड आहे, ज्याला सावलीत बसून नाम घेता येते, त्याने निर्जला खुशाल करावी. भट्टीपुढच्याने करू नये, आणि त्याला कोणी टोचूनही बोलू नये.

घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. पोटात पाणीच नसेल तर घाम येणार कुठून? त्याबरोबर मीठही जाते, म्हणून ताक, पन्हे, कोकमाचे सरबत चिमूटभर मीठ घालून घ्यावे. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपवासाला सैंधव चालतेच. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. गावाकडून नुकताच कामाला आलेला पोरगा असेल, तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर जुन्या गड्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो भाविक भर उन्हात बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने गेले. त्यांच्या श्रद्धेत काय उणे होते? समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि डोक्यावर छप्पर नव्हते. आमच्या सप्ताहाच्या चालकांनी हे ध्यानात घ्यावे: दिंडी सकाळी काढावी, मांडव आधी घालावा, रांजण आधी भरावेत, मग कीर्तनकाराची बिदागी ठरवावी.

माणूस बरळू लागला, पाय लटपटले, अंग तापून निघाले, तर तो थकला म्हणून निजवून ठेवू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ वर गाडी बोलवावी. गाडी येईतो पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तुळशीचे तीर्थसुद्धा नाही. ते शुद्धीवर आल्यावर.