पन्नास जणांचा सौदा

जुन्या मालाची किंमत कशी ठरते, हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तळवड्याच्या शेजारी कुदळवाडीत भंगाराची मोठी बाजारपेठ होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. तोपर्यंत कारखान्यांतून निघालेले लोखंड, पत्रा, तांबे, पितळ, पुठ्ठा तिथे वेगवेगळे होत, काट्यावर चढत आणि त्यांचा भाव ठरे. या धंद्यात लबाडी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण लबाडी कशाला म्हणायचे याबद्दल दुमत नव्हते. काटा मारणे ही लबाडी, चोरीचा माल ठेवणे ही लबाडी. माल समोर असल्यामुळे बाकीचा हिशोब सोपा होता.

आता याच वस्त्यांतली मुले अशा जुन्या मालाचा सौदा करू लागली आहेत, जो काट्यावर चढत नाही. मोबाईलवरच्या खेळांत खेळाडूंचे जथे असतात. एखाद्या खेळात त्यांना गिल्ड म्हणतात, एखाद्यात क्लॅन. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ २०१२ साली आला. त्यात एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास जण असतात आणि त्यांचा म्होरक्या एकच असतो. सगळे मिळून दुसऱ्या क्लॅनशी लढतात. लढाया जिंकत गेल्या की क्लॅनची पातळी वाढते आणि वरच्या पातळीला जादा सवलती मिळतात. म्होरक्याने ठरवले तर तो आपली जागा दुसऱ्याला देऊ शकतो. ही जागा पैसे घेऊनही दिली जाते. पातळी किती, सभासद किती, त्यांतले रोज खेळणारे किती, नाव कसे, यावर भाव ठरतो. घेणारा काही दिवस वापरून तोच क्लॅन चढ्या भावाने पुढे विकतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "टीचर, हा पैसा हलाल की हराम?" बारावीनंतर तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला होता. पाळ्यांमुळे खेळायला वेळ उरला नव्हता. क्लॅन मात्र तयार होता आणि घेणाराही तयार होता.

अशा प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. खेळच मुळात लहव, वेळेची नासाडी. मग त्याच्या खरेदी-विक्रीचे काय विचारतोस? हे उत्तर देणाऱ्याचे काम लवकर आटोपते, पण विचारणारा जिथल्या तिथे उभा राहतो. जो मुलगा हलाल-हराम विचारायला आला, त्याने तरी निदान आपल्या कमाईची चौकशी केली. त्याला दारातून परतवले, तर तो पुढच्या वेळी विचारणार नाही.

त्याची बाजू दुबळी नव्हती. तीन वर्षे मेहनत केली, कोणाला फसवले नाही, घेणारा राजीखुशीने घेतो आहे, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय कंपनी त्याच खेळातली रत्ने लहान मुलांना खऱ्या रुपयांत विकते. कंपनीने विकले तर व्यापार आणि मी विकले तर गुन्हा, हे कसे?

मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नव्हे. पण विक्रीच्या ज्या अटी फिकहच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडतात, त्या समोर ठेवून विचार करता येतो. विकायची वस्तू माल असावी, विकणाऱ्याच्या मालकीची असावी, ती ताब्यात देता यावी आणि तिचे स्वरूप दोघांनाही ठाऊक असावे. जिथे अंधारात सौदा होतो, तिथे गरर येतो, म्हणजे धोक्याची अनिश्चितता.

पहिली अट घेऊ. जुने हनफी फकीह हाताला लागणाऱ्या वस्तूलाच माल मानत. नुसत्या हक्काची विक्री त्यांना मान्य नव्हती. परंतु काळाबरोबर उर्फ, म्हणजे लोकव्यवहार, बदलला. १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखकाचे व संशोधकाचे हक्क यांना आर्थिक मोल असल्याचे मान्य केले. तेव्हा दिसत नाही म्हणून तो माल नाही, एवढ्यावर त्या मुलाला गप्प करता येत नाही.

दुसरी अट मालकीची, आणि इथे अडचण सुरू होते. खेळ सुरू करताना आपण कंपनीच्या अटींना 'मान्य आहे' असे म्हणतो. खाते विकता येणार नाही, हे त्या अटींत असते. 'ईबे' या जगातल्या मोठ्या विक्री-संकेतस्थळाने जानेवारी २००७ मध्ये ऑनलाईन खेळांतल्या बहुतेक आभासी वस्तूंची विक्री बंद केली, तीही मालकीचा प्रश्न सुटत नाही म्हणून. मुंबईच्या पागडीशी याची तुलना करून पाहावी. भाडेकरू घराचा मालक नसतो, तरी ताबा सोडताना तो पैसे घेतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली, पण भाडेहक्क दुसऱ्याला देताना घरमालकाची संमती लागते. खेळाच्या मालकाने तर आधीच नकार कळवला आहे. न वाचता दिलेले वचनही वचनच असते. कंपनी मुलांकडून पैसे उकळते ही तक्रार खरी आहे, पण तिच्या लोभामुळे आपला अहद सुटत नाही.

असे असले तरी, खाते आपल्याकडेच ठेवून फक्त म्होरक्याची जागा सोडली तर? माझ्या विद्यार्थ्याचा सौदा याच प्रकारचा होता. आश्चर्य म्हणजे या प्रश्नाला फार जुनी जोड आहे. मशिदीच्या इमामतीसारखी वक्फातली नेमणूक असलेला माणूस पैसे घेऊन दुसऱ्यासाठी जागा सोडतो, हे चालेल का, याची चर्चा हनफी ग्रंथांत आहे. दमास्कसचे इब्न आबिदीन (निधन १८३६) यांनीही ती केली आहे. नंतरच्या अनेक फकीहांनी लोकव्यवहार पाहून जागा सोडण्याच्या मोबदल्याला वाट दिली. मात्र नवा माणूस नेमण्याचा अधिकार काझी किंवा वक्फाच्या व्यवस्थापकाकडेच राहिला. जाणारा फक्त आपला हक्क सोडू शकत होता. मशीद आणि तिच्यातले नमाजी त्याच्या सौद्यात येत नव्हते.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. क्लॅनची किंमत कशाची असते? जुनी मोटारसायकल वापरल्याने झिजते आणि तिचा भाव उतरतो. क्लॅन वापरल्याने वाढतो, आणि वापरणारे पन्नास असतात. लढाईत प्रत्येकाच्या वाट्याला दोन हल्ले येतात. म्होरक्यालाही दोनच. पातळी वाढते ती सगळ्यांच्या हल्ल्यांनी. समजा, पाच हजार रुपये भाव आला. त्यातला मोठा भाग इतर एकोणपन्नास जणांच्या वेळेचा आहे. आणखी एक भाग ते निघून जाणार नाहीत या खात्रीचा आहे. रिकाम्या क्लॅनला कोण विचारतो? म्हणजे भाव वाढतो तो त्यांच्या भरवशामुळे, आणि नेमके त्यांनाच या सौद्याची खबर नसते. सकाळी उठून ते पाहतात तर म्होरक्या बदललेला. नवा माणूस त्यांना हाकलू शकतो, किंवा पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोजून ठेवू शकतो.

एका माणसाच्या हाती किती असते, याचे मोठे उदाहरण 'ईव्ह ऑनलाईन' या आइसलंडच्या खेळात घडले. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' या बलाढ्य आघाडीतला एक पदाधिकारी विरोधकांना जाऊन मिळाला आणि त्याने आपले अधिकार वापरून आघाडीच विसर्जित करून टाकली. खेळाच्या नियमांत ते बसत होते. पण हाती अधिकार असणे आणि हक्क असणे यांत अंतर आहे, हे समजायला त्या घटनेहून चांगला धडा नाही.

आपल्या भूमीला गिल्ड नवी नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. व्याजाचा मुद्दा आपण बाजूला ठेवू. लक्षात घ्यायचे ते हे, की माणूस मरतो पण श्रेणी टिकते, या भरवशावर त्याने आपला पैसा सोपवला. श्रेणीचा प्रमुख एक दिवस ती विकून निघून जाईल असे वाटले असते, तर कोणी तिच्याकडे काही ठेवले असते का?

हा खेळातला क्षुल्लक मामला आहे, असे वाटणाऱ्यांनी आपल्या मोहल्ल्याकडे पाहावे. निवडणूक आली की 'माझ्यामागे इतकी मते आहेत' असे सांगत फिरणारे आपल्यातच असतात. तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा चालक शेकडो नंबर उमेदवाराच्या हवाली करतो. वक्फची जमीन स्वतःची समजणारे मुतवल्ली आपण पाहिले आहेत. कायद्याने आणि शरीयतने मुतवल्ली हा व्यवस्थापक आहे, मालक नव्हे. या सगळ्यांचा युक्तिवाद त्या मुलासारखाच असतो : मेहनत मी केली, लोक मी जमवले. मेहनत खरीच असते. पण जमलेले लोक त्या मेहनतीचा मोबदला होत नाहीत. ते अमानत असतात.

मी त्याला सांगितले, "बेटा, तुला खेळ सोडायचा असेल तर सोड. क्लॅनमधल्या सगळ्यांना कळव, आणि त्यांना जो लायक वाटेल त्याला जागा दे. पैसे घेऊ नकोस. त्यातले तुझे किती आणि त्यांचे किती, हे तुला कधीच वेगळे काढता येणार नाही." त्याने विचारले, "मग माझी तीन वर्षे फुकट गेली?" प्रश्न रास्त होता. ठेकेदाराकडे बारा तास राबणाऱ्या मुलाला पाच हजारांवर पाणी सोडायला सांगणे सोपे नाही, आणि सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही, हेही मला कळत होते. पुढे त्याने काय केले ते मी विचारले नाही. हा हिशोब त्याने स्वतः आणि एकट्याने करायचा आहे. पण तो करताना उरलेले एकोणपन्नास जण त्याच्या डोळ्यांसमोर असावेत, एवढी माझी अपेक्षा आहे. विशीच्या आत ज्याला ते दिसू लागतील, त्याच्या हाती उद्या मोहल्ल्याची जबाबदारी द्यायला मला भीती वाटणार नाही.