समास नसलेली ओळ

संध्याकाळी होटगी स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसायचं, ही मामांची जुनी सवय. मुंबई-चेन्नईचा मोठा मार्ग इथून जातो आणि विजापूर-गदगकडचा फाटा इथेच फुटतो. मामांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. बोलणं गावात कानडी आणि घरात मराठी, आणि पहाटे ज्ञानेश्वरीचं एक पान वाचल्याशिवाय चहा नाही. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. माझ्या मनात काहीतरी सलतंय हे त्यांनी बाकावर टेकायच्या आतच ओळखलं.

"नोकरीत काही झालं का गं?"

"नोकरीत नाही, मामा. आम्ही तिघं मिळून एक छोटी संगणकभाषा करतोय. हायस्कूलच्या मुलांना मराठीतून प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून. 'जर', 'नाहीतर', 'जोवर' हे शब्द ठरले. मुलाची चूक झाली तर यंत्राने त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं तेही ठरलं. अडलं ते टिपेपाशी."

"टीप म्हणजे?"

"प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेला मजकूर. हे असं का केलं, इथे काय जपायचं, असलं काही. यंत्राने तो सोडून पुढे जायचं. ते त्याला कळावं म्हणून आधी एक खूण लागते. मला # हवं. दुसऱ्याला // अशा दोन तिरप्या रेघा हव्यात. तिसरी म्हणते, खूण कशाला, सरळ 'टीप' हा शब्दच लिहू. दोन महिने झाले, मामा. तिघांचं एकमेकांशी नीट बोलणं राहिलं नाही. एवढ्याशा आवडीनिवडीवरून भांडलो याची लाज वाटते."

"तुमच्याआधी कुणी भांडलं नसेल?"

"पुष्कळ भांडलेत. हॅस्केल ही भाषा घडवणाऱ्यांत फिलिप वॉडलर होते. त्यांनी याचा नियमच मांडून ठेवलाय. भाषेच्या अर्थावर सगळ्यात कमी वेळ जातो. वाक्यरचनेवर त्याच्या दुप्पट, चिन्हांवर त्याच्या दुप्पट आणि टिपेच्या चिन्हांवर त्याच्याही दुप्पट."

"असं का होत असेल?"

"पार्किन्सन नावाच्या लेखकाने 1957 मध्ये एका समितीचं उदाहरण दिलं होतं. अणुभट्टीचा खर्च ती चटकन मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर मात्र वाद घालत बसते. अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. आमचंही तसंच झालं असावं."

मामा थोडा वेळ रुळांकडे बघत राहिले. "विषय सोपा म्हणून वाद मोठा, हे पटण्यासारखं आहे. पण तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. आधी मला सांग, खूण लागतेच कशाला? जुन्या पोथीत मूळ श्लोक पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात असतो आणि टीका त्याच्या वर नि खाली बारीक अक्षरात. त्याला त्रिपाठ म्हणतात. डाव्या-उजव्या समासातही मजकूर भरला की पंचपाठ. 'अर्जुन उवाच' यासारख्या शब्दांवर गेरू फिरवलेला असतो. कोण बोलतंय हे वाचायच्या आधी डोळ्यांना कळतं. तिथे जागा सांगते, रंग सांगतो."

"आमच्याकडेही सुरुवातीला जागाच सांगायची. फोर्ट्रान ही भाषा 1957 मध्ये आली, तेव्हा प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कार्डांवर असायचा. पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर आलं की ते अख्खं कार्ड माणसासाठी. कोबोलमध्ये सातव्या रकान्यात तारा टाकायचे."

"म्हणजे समासच की!"

"समासच. पुढे कार्डं गेली, रकाने गेले. आता प्रोग्रॅम म्हणजे यंत्राच्या लेखी अक्षरांची एक लांब रांग. तिला वर-खाली नाही, बाजू नाही. म्हणून समासाला ओळीतच जागा शोधावी लागली. अल्गोल 60 मध्ये त्यासाठी 'टिप्पणी' याच अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचे. 1964 च्या बेसिकमध्ये 'रेम'. बीसीपीएल या भाषेत दोन तिरप्या रेघा होत्या. तिच्यातूनच पुढे सी आली, पण सीने त्या टाकल्या आणि /* पासून */ पर्यंत असा कंस घेतला. सी प्लस प्लसने तिरप्या रेघा परत आणल्या आणि सीच्या प्रमाणात त्यांना 1999 मध्ये जागा मिळाली. # युनिक्समध्ये रुळलं आणि पायथनने उचललं."

"मग तुम्ही तिघं तीन घराण्यांचे झालात. ज्याने जिथे तालीम घेतली तिथलं त्याच्या कानाला गोड लागतं. ही आवड खोटी नाही, पोरी. वर्षानुवर्षं डोळा ज्याच्यावर फिरला ते त्याला सुंदर दिसतं. लाज वाटायचं त्यात काही नाही."

"पण निर्णय आवडीवर करायचा का? मी तिथेच अडकलेय. आवड बाजूला ठेवली तर तिन्ही खुणा सारख्याच. धरली तर भांडण मिटत नाही."

"तिन्ही खुणा सारख्याच आहेत का, तेच बघू. ज्ञानेश्वरी 1290 ची आणि एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली 1584 मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते. नाथांनी ते सोडवले आणि पुढे कुणी यात स्वतःची ओवी घालू नये म्हणून शेवटी बजावूनही ठेवलं. हस्तलिखितांत प्रक्षेप कसा शिरतो सांगू? एखादा वाचक भारावतो आणि समासात दोन ओळी लिहितो. पुढचा नकलनवीस त्या सुटलेल्या ओळी समजून मजकुरात घेतो. लबाडी कुणीच केलेली नसते. पण मूळ कोणतं आणि वाचकाचं कोणतं, हे मग कुणाला सांगता येत नाही. तुमची खूण हेच काम करते. हे बोलणं कुणाचं, हे ती सांगते. एवढं मोठं काम एवढ्याशा खुणेवर आहे, म्हणून तुमचा जीव तिच्यात अडकला."

मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी एक अडचणही आठवली. "पण मामा, आम्ही त्याच खुणेने आणखी एक काम करतो. एखादी आज्ञा तात्पुरती बंद करायची असली की तिच्यापुढे तीच खूण टाकायची. ओळ दिसते, पण यंत्र ती करत नाही."

"तो झाला हरताळ. लेखनिक चुकीच्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचे. एखाद्या गोष्टीला हरताळ फासला असं आपण म्हणतो ते त्यावरूनच. टीप लिहिणं हे बोलणं आहे आणि हरताळ फासणं हे गप्प करणं. दोन्हींना एकच खूण?"

"बहुतेक भाषांत एकच. त्याने घोळही होतो. सीमध्ये कंसात कंस चालत नाही. आधीच एक टीप असलेल्या भागावर हरताळ फासायला गेलं तर आतली टीप जिथे संपते तिथेच बाहेरचा कंस संपतो आणि पुढच्या आज्ञा पुन्हा जाग्या होतात. क्लोजरसारख्या एखाद्या भाषेने दोन वेगळ्या खुणा ठेवल्यात. आम्ही याचा विचारच केला नाही."

"आणि यंत्राला सांगायचं काही कुणी टिपेत दडवतं का?"

"दडवतात. म्हणून तर डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या मांडणीतून टिपा काढूनच टाकल्या. लोक टिपांमध्ये यंत्रासाठी सूचना भरायला लागले होते. एकाचं यंत्र त्या पाळणार, दुसऱ्याचं नाही, आणि एकच मजकूर दोन ठिकाणी दोन अर्थांचा होणार."

सोलापूरकडून एक मालगाडी आली. डबे संपेपर्यंत बोलणं थांबलं. मग मामांनी विचारलं, "तुला # का आवडतं?"

"एकच चिन्ह. झटकन दिसतं, आणि पुढचं वाक्य स्वच्छ राहतं."

"तिरप्या रेघा?"

"तो म्हणतो, त्यांनी ओळ जरा कलल्यासारखी दिसते. मुख्य वाटेवरून बाजूला झाल्यासारखी."

"आणि तिसरीचा शब्द?"

"तो मराठीत बोलतो. मुलाला नवं काही शिकावं लागत नाही."

"तिघांचीही कारणं चांगली आहेत. पण तिघंही डोळ्यांचं बोलताय. हाताचं कुणी बोललं का? शाळेतलं पोर मराठीत लिहिताना ही खूण उमटवणार कशी?"

मी लॅपटॉप उघडला आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर केला. शिफ्ट दाबून तीनचं बटण दाबलं. # आलं नाही. तिथे 'प्र'मधला पायाखालचा र होता. तिरप्या रेघेचं बटण दाबलं, 'य' उमटला. लिस्प या भाषेत टीप अर्धविरामाने सुरू होते, म्हणून तेही बटण दाबून बघितलं. 'च' आला. ताऱ्याच्या जागी 'श्र', टक्क्याच्या जागी 'ज्ञ'. आम्ही पोसलेली सगळी चिन्हं आमच्याच अक्षरांखाली गेली होती. दोन महिन्यांत हे एकदाही डोळ्यांसमोर आलं नव्हतं, कारण आम्ही तिघंही चिन्हं इंग्रजी कीबोर्डवरून टाकत होतो.

"म्हणजे मुलाला आधी इंग्रजीत जायचं, # टाकायचं, परत मराठीत यायचं आणि मग एक वाक्य लिहायचं," मी म्हणाले. "तो टीप लिहायचीच सोडून देईल."

"काय उरतं बघ."

आडव्या रेघेचं बटण दाबलं. आडवी रेघच आली. एक, आणि तिच्याशेजारी दुसरी. "--," मी वाचलं. "एडा, एसक्यूएल, हॅस्केल, लुआ या भाषांत टीप अशीच सुरू होते. आमच्यातल्या एकालाही ही आवडलेली नव्हती."

"आणि 'टीप' हा शब्द?"

"तोही एका दमात लिहिता येतो. पण एखाद्या मुलाने स्वतःच्या रकमेला किंवा यादीला 'टीप' असं नाव दिलं तर यंत्राचा गोंधळ होईल. शिवाय शब्द बाकीच्या शब्दांत मिसळून जातो. ओळ वाचल्याशिवाय ती कुणाची ते कळत नाही. रेघेचं तसं नाही, ती वाचायच्या आधी दिसते. अडचण मात्र तिचीही आहे. पाचातून वजा तीन वजा करायचे असले तर 5--3 असं लिहिलं जाईल आणि यंत्र तीनला टीप समजेल. मायएसक्यूएलने यासाठी दोन रेघांनंतर जागा सोडायची सक्ती केलीय."

"शाळेत आम्ही दोन चिन्हं लागोपाठ लिहू देत नाही. वजा तीन कंसात घालायला लावतो. तुम्हीही तेच शिकवा."

मला उत्तर सापडलं होतं, पण मन राजी नव्हतं. "मग सौंदर्याचं काय, मामा? इतक्या वर्षांचं माझं # मी सोडायचं, तेही बटणांच्या मांडणीसाठी?"

त्यांनी समोर बोट दाखवलं. "गदगचा हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर. मोठ्या मार्गावर 1676. इथे आल्यावर ती गाडी पुढे जाऊच शकत नव्हती. माणसांनी गाडी बदलायची, मालाने डबा बदलायचा. पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला, तो काही 1676 हा आकडा सुंदर वाटला म्हणून नव्हे."

"म्हणजे प्रमाण ठरवा आणि आवड विसरा? गो या भाषेत तसं केलंय. मांडणी यंत्रच करून देतं, कुणाची हौस चालत नाही. वाद संपले, हे खरं. पण एपीएल नावाची एक भाषा आहे. केनेथ आयव्हर्सन यांची. तिच्यात टिपेसाठी एक वेगळंच चिन्ह केलंय, छोट्या दिव्यासारखं. त्याचं नावच 'दिवा'. टीप उजेड पाडते म्हणून. ते कुठल्याच साध्या कीबोर्डवर नाही, तरी लोक ते जिवापाड जपतात. त्यांना मी कसं सांगू की तुमची आवड फुकट आहे?"

मामा माझ्याकडे वळले. "ज्ञानेश्वरीचं दुसरं नाव काय?"

"भावार्थदीपिका." म्हणता म्हणता माझाच आवाज बदलला.

"बघ. टीका म्हणजे दिवा, हे दोन्हीकडच्या माणसांना वेगवेगळं सुचलं. ती आवड फुकट कशी असेल? फक्त तिची जागा ओळखायची. खूण उमटवायची सोय नवख्या हाताची बघायची, कारण उंबरठा त्याला ओलांडायचाय. खुणेनंतरचं वाक्य मात्र तुझं. ते नेटकं, खरं, सुंदर करण्यात तुझी सगळी आवड ओत. सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या झाल्या, आणि लोक आज ती टीकाच मूळ म्हणून वाचतात."

"डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये असंच काहीसं मांडलं," मी म्हणाले. "प्रोग्रॅम आधी माणसासाठी लिहिलेला निबंध असावा आणि आज्ञा त्यात मधूनमधून याव्यात. हॅस्केल लिहायची एक रीत तर अशी आहे की टिपेला खूण लागतच नाही. आज्ञेच्याच ओळीपुढे > टाकायचं."

"म्हणजे खूण पाहुण्याला लावायची, घरच्याला नाही. तुमच्या भाषेत पाहुणं कोण, माणूस की यंत्र?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. मुलांना आधी यंत्राशी बोलायला शिकवायचं म्हणून आम्ही यंत्राला घरचं मानलं होतं. ते बरोबर की चूक, हे अजूनही कळत नाही. पण ही निवड आम्ही न विचारताच केली होती, हे त्या बाकावर लख्ख कळलं.

अंधार पडला तसे आम्ही उठलो. "सोमवारी मी आडव्या रेघा सुचवणार," मी म्हणाले. "माझं # मीच आधी मागे घेते, म्हणजे त्या दोघांना सोपं जाईल."

"आणि हरताळाची खूण?"

"तिचा विचार झालेलाच नाही. टिपेपेक्षा वेगळी हवी, मुलाच्या हाताखाली हवी, आणि खालची ओळही दिसली पाहिजे."

"मग तिच्यासाठी आणखी दोन महिने भांडा," मामा पायऱ्या उतरताना म्हणाले. "त्या भांडणाची लाज वाटून घेऊ नका."