दुसरा भाग कशासाठी?

एखादा व्हिडिओ गेम चालला की त्याचा दुसरा भाग येणार, हे आता सगळेच गृहीत धरतात. तो काढावा की नाही, हा प्रश्न व्यापाराचा म्हणून बाजूला टाकला जातो. पण पुऱ्या झालेल्या कलाकृतीवर हक्क कुणाचा, मागणी आहे म्हणजे गरज आहे का, आणि निर्मात्याने आयुष्यातली वर्षं कशावर खर्चावीत, हे प्रश्नही त्याच्या पोटात आहेत. पुढच्या संवादातली भाची पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत गेम डिझायनर आहे. मामाने आयुष्यभर प्रायोगिक नाटकं बसवली आणि अलीकडे भाचीच्या नादाने तो गेमही मन लावून खेळतो. दोघं काल्पनिक आहेत. पेच खरा आहे.

भाची : मामा, आमच्या गेमचा शेवट तू पाहिलायस. पूर आलाय, नावाडीण माणसं पैलतीरी नेते आहे, होडीत जागा कमी आहे, काही जण मागे राहतात. शेवटी ती वल्हं दुसऱ्याच्या हातात देते आणि गेम संपतो. आता प्रकाशक म्हणतोय, दुसरा भाग करा, पैसे देतो. खेळणारेही तेच मागताहेत. मला मात्र वाटतं, पुरं झालेलं पुढे ओढलं की त्याच्या शेवटाची किंमत जाते.

मामा : नेहमीच जाते? ‘वाडा चिरेबंदी’ घे. एलकुंचवारांचं ते नाटक एकटं उभं राहतं, त्याला कशाचा टेकू लागत नाही. तरी पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली. धरणगावकर देशपांड्यांचं घर खचताना पहिल्या नाटकात दिसतं. त्या खचण्यातून पुढची पिढी कुठे पोचते, हे पुढच्या नाटकांत कळतं. त्रयी पाहून आल्यावर पहिलं नाटक मला लहान वाटलं नाही, जास्त खोल वाटलं.

भाची : नाटकात तू पाहत असतोस. गेममध्ये खेळणारा करत असतो. ‘द लास्ट ऑफ अस’चा शेवट आठव. 2013चा गेम. एली या मुलीच्या शरीरात साथीविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे. तिच्यापासून औषध काढायचं तर शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार. तिला सांभाळत आणणारा जोएल, म्हणजे खेळणारा, तिला वाचवायला हॉस्पिटलमध्ये घुसतो आणि ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर आडवा येतो. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. बटण मी दाबलेलं असतं. मग जोएल एलीशी खोटं बोलतो, ती ते ऐकून घेते, आणि पडदा. बरोबर की चूक, कुणी सांगत नाही. ते ओझं माझ्याकडे राहतं.

मामा : आणि 2020 साली दुसरा भाग आला. त्यात त्या डॉक्टरची मुलगी, ॲबी, मोठी होऊन जोएलला मारते. अर्धा गेम आपल्याला तिच्या बाजूने खेळावा लागतो. मला तर हा दुसऱ्या भागाच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. पहिल्या गेममध्ये तो डॉक्टर म्हणजे वाटेतला अडथळा होता. त्याला नाव नव्हतं, घर नव्हतं. दुसऱ्याने त्याला मुलगी दिली आणि मला विचारलं, तू कुणाला मारलंस ते ठाऊक आहे का? हे विचारायला पहिला गेम खेळलेलाच माणूस समोर हवा. सिनेमाच्या प्रेक्षकाला असा जाब विचारता येत नाही, कारण त्याने काही केलेलंच नसतं.

भाची : त्या भागाचं धाडस मी मानते. पण सात वर्षं मी त्या शेवटाचा अर्थ माझ्यापुरता लावत होते. निर्माते परत आले आणि म्हणाले, अर्थ असा आहे, परिणाम असे झाले. मोकळी ठेवलेली जागा त्यांनी स्वतःच भरून टाकली. खेळणाऱ्याच्या हवाली केलेली गोष्ट परत मागून घ्यावी का?

मामा : मग उलट बाजू बघ. ‘हाफ-लाइफ 2’ची ‘एपिसोड टू’ ही पुरवणी 2007 साली आली. तिच्या शेवटी एलाय व्हान्स मारला जातो, मुलगी ॲलिक्स त्याच्या देहाशी रडत असते, आणि गेम संपतो. शब्द दिलेली ‘एपिसोड थ्री’ कधी आलीच नाही. 2020 साली आलेल्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ या गेमने त्या क्षणाला हात घातला, तोही कथा पुन्हा अधांतरी ठेवून. इथे मोकळी जागा ठेवलेली नव्हती, वाक्य अर्धं तोडलं होतं. तुझ्या न्यायाने दुसरा भाग न काढणारे सगळे शहाणे. मग हे काय?

भाची : त्यावर, हाफ-लाइफ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूएलचं म्हणणं मला पटतं. नुसती कथा पुढे न्यायची, एवढ्यासाठी गेम काढणं म्हणजे खेळणाऱ्यांबद्दलची जबाबदारी टाळणं, अशा अर्थाचं तो पुढे बोलला आहे. त्यांच्या प्रत्येक मोठ्या गेमने खेळण्याची काहीतरी नवी रीत आणली होती. तशी रीत तेव्हा त्याला दिसत नव्हती.

मामा : म्हणजे नव्याची जबाबदारी आणि दिलेल्या शब्दाची जबाबदारी, दोन्ही एकाच वेळी खऱ्या. शब्द देताना नवी रीत सापडेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी शब्द दिला गेला. मी त्याला माफ करीन, पण त्याने काही मोडलं नाही असं म्हणणार नाही.

भाची : हे मान्य. आम्ही तसा शब्द दिलेला नाही.

मामा : मग खेळणारे मागताहेत ते काय?

भाची : त्यांना आणखी हवंय. हवंसं वाटणं वेगळं आणि मूळ गोष्ट अपुरी असणं वेगळं. ‘आउटर वाइल्ड्स’ घे, 2019चा. दर 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नवी हत्यारं मिळत नाहीत, ताकद वाढत नाही. वाढतं ते फक्त तुझं ज्ञान. सगळं कळलं की गेम संपला, आणि कळलेलं विसरता येत नाही, म्हणून तो पहिल्यासारखा पुन्हा खेळता येत नाही. संपल्यावर माणूस हळहळतो. ती हळहळ त्या गेमचाच भाग आहे. ती भरून काढायला दुसरा भाग काढला तर पहिल्याने जे कमावलं तेच जाईल.

मामा : तू फार पुरे गेम निवडतेस. बहुतेक गेम असे नसतात. 1987चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आज कोण खेळतं? त्यात एकट्याने खेळायचं तर र्‍यूच घ्यावा लागे, आणि खास डाव मुश्किलीने निघत. 1991च्या दुसऱ्या भागात आठ लढवय्ये निवडायला आले, प्रत्येकाची चाल वेगळी. मारामारीचे गेम आज जसे आहेत ते तिथून. कादंबरीत पहिला खर्डा लेखकाच्या कपाटात राहतो. गेममध्ये कित्येकदा तो दुकानात विकला जातो.

भाची : हे आमच्या धंद्यातलं खरं आहे. पहिल्या गेमच्या वेळी अर्धा काळ अवजारं घडवण्यात जातो. पाणी कसं वाहील, कॅमेरा कुठे राहील, उडी किती उंच. ती जमेपर्यंत पैसे संपलेले असतात. ‘असॅसिन्स क्रीड’चंही तसंच झालं. 2007च्या पहिल्या भागात कल्पना मोठी होती, पण कामं तीच ती. 2009च्या दुसऱ्यात ती कल्पना खऱ्या अर्थाने खेळता आली.

मामा : मग तो दुसरा भाग काढण्याजोगा होता.

भाची : होता. पण त्यानंतर 2015पर्यंत दरवर्षी एक भाग आला. 2016 साली कंपनीनेच मुख्य मालिकेला एक वर्ष विश्रांती दिली. अवजारं तयार झाल्यावरही केवळ ती तयार आहेत म्हणून चालवत राहिलं, की असं होतं.

मामा : तयार अवजारांना मी इतकं वाईट म्हणणार नाही. ‘मेजोराज मास्क’ कसा झाला ते तूच मला सांगितलं होतंस.

भाची : हो. 1998 साली ‘ओकारिना ऑफ टाइम’ आला आणि झेल्डाच्या गेमचा चेहराच बदलला. झेल्डाचे जनक मियामोतो यांना त्याच्याच भुयारांची मांडणी बदललेली आवृत्ती हवी होती. त्यांच्या हाताखालचे डिझायनर आओनुमा यांचं त्यात मन लागेना. आम्हाला नवा गेम करू द्या, असं त्यांनी म्हटलं. उत्तर आलं, करा, पण एका वर्षात.

मामा : आणि वर्षभरात नवी माणसं घडवायला वेळ कुठला? म्हणून जुनेच चेहरे घेतले, वेगळ्या जगात, वेगळ्या आयुष्यात ठेवले. चंद्र तीन दिवसांत गावावर कोसळणार आहे. ते तीन दिवस घड्याळाच्या साधारण 54 मिनिटांत संपतात, मग काळ मागे फिरवून पुन्हा सुरुवात. दर फेरीत कळत जातं की अमुक माणूस अमुक वेळी कुठे असतो, कशाने कष्टी आहे. तू त्याचं दुःख दूर करतेस आणि काळ मागे फिरवताच ते पुन्हा जसंच्या तसं उभं. ज्याने आधीचा गेम खेळला आहे त्याला ओळखीचे चेहरे अनोळखी होऊन भेटतात. हा अस्वस्थपणा नव्या चेहऱ्यांनी आला नसता.

भाची : म्हणजे काटकसरीतूनच अर्थ निघाला.

मामा : आणि सुरुवात कशी होती? कंपनीची मागणी, घाईची मुदत, वापरलेलं सामान. तुझ्या प्रकाशकासारखंच सगळं. पैशासाठी सुरू झालं म्हणून ते वाया जाईलच असं नाही.

भाची : पण आओनुमांनी मागितलेलं तसंच्या तसं केलं नाही, हे विसरू नकोस. त्यांनी चौकट मान्य केली आणि आतला प्रश्न स्वतःचा ठेवला. झेल्डाच्याच ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्येही तेच दिसतं. 2017च्या झेल्डा गेमचीच भूमी 2023 साली पुन्हा वापरली, पण हातात वस्तू जोडून यंत्रं बांधायची शक्ती दिली. ज्या डोंगराशी झगडत तू वर चढला होतास, त्यावरून आता स्वतः बांधलेल्या विमानाने जातोस. तो झगडा आठवत असेल तरच उडण्यात आनंद आहे.

मामा : मग आता आपल्याला कसोटी मांडता येईल. दुसरा भाग दोन कारणांनी काढण्याजोगा ठरतो. एक, पहिल्यातली खेळण्याची रीत कच्ची राहिली होती आणि आता ती पक्की करता येते. ‘स्ट्रीट फायटर 2’ तसा. दोन, पहिला खेळून झालेल्या माणसालाच विचारता येईल असं काही विचारायचं आहे. ‘मेजोराज मास्क’ तसा, आणि माझ्या मते ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भागही. दोन्ही नसेल तर उरते फक्त मागणी.

भाची : अर्धवट सोडलेला शब्द?

मामा : तो तिसरा. पण त्यातही पहिल्या दोनांपैकी एक सापडेपर्यंत थांबावं लागतं, हे हाफ-लाइफने दाखवलं. आता तुमच्या गेमला ही कसोटी लाव.

भाची : रीत पक्की आहे. होडीचा तोल, पाण्याची ओढ, कोणाला घ्यायचं त्याची निवड, यात मला सुधारायचं असं काही दिसत नाही. शब्द दिलेला नाही. राहिली मागे राहिलेली माणसं.

मामा : त्यांचंच मी म्हणतोय. त्यांचं पुढे काय झालं? मी ज्यांना काठावर सोडलं त्यांच्या बाजूने खेळायला मला आवडेल. त्या म्हातारीला मी दोनदा नाकारलं होतं.

भाची : आणि ती वाचली असं दुसऱ्या भागात दाखवलं तर तुझं नाकारणं हलकं होईल. बुडाली असं दाखवलं तर आम्ही तुला शिक्षा दिली असं होईल. आत्ता तू तिच्याबद्दल विचारतोयस, हेच आम्हाला त्या गेमकडून हवं होतं. तिला नेलं नाहीस हे तुझं आहे. ते मी तुझ्याकडून काढून घेणार नाही.

मामा : इथे आपलं जमत नाही. मला वाटतं, केलेल्या कृत्याचा हिशेब समोर आल्याशिवाय जबाबदारी पुरती कळत नाही. डोक्यातल्या डोक्यात माणूस स्वतःला सोडून देतो.

भाची : काही जण देतात, काही देत नाहीत. जे देत नाहीत त्यांच्यावर मला विश्वास ठेवायचाय.

मामा : बरं. पण तुमच्या स्टुडिओतल्या पोरांचे पगार विश्वासावर होत नाहीत. प्रकाशकाचे पैसे खरे आहेत.

भाची : म्हणूनच सगळं नाकारायचं नाही. पाण्याचा कोड आहे, होडीचा तोल आहे, माणसांच्या हालचाली आहेत. दोन वर्षांची मेहनत ती. ती अवजारं घेऊन वेगळ्या गावाचा, वेगळ्या माणसांचा गेम करू, म्हणजे खर्चही कमी. प्रकाशकाला तेच सांगणार आहे. पहिल्याचं नाव नको, ती नावाडीण नको, ती म्हातारी नको.

मामा : आणि नावच हवं म्हणाला तर? नावाला गिऱ्हाईक असतं. नव्या गेमला ते शून्यापासून शोधावं लागतं.

भाची : तर कमी पैशात दुसरीकडे जाऊ. मोठा गेम करायला आता चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणजे एका माणसाच्या उभ्या कारकिर्दीत सहा-सात गेम, तेही नशीब असेल तर. त्यातला एक, ज्याला विचारायला काही उरलेलंच नाही अशा गेमला द्यायचा, हा हिशेब मला परवडत नाही. उद्या जर टीममधल्या कुणी येऊन असा प्रश्न मांडला की जो फक्त आपला गेम खेळलेल्यालाच विचारता येईल, तर मी पहिल्या दिवशी कामाला लागेन. प्रश्न आधी, मग दुसरा भाग.

मामा : मग त्या म्हातारीबद्दलचा माझा प्रश्न तुमच्या टीमसमोर मांड. निकाल त्यांनी द्यावा, तू एकटीने नाही.

भाची : मांडीन. तुझ्या बाजूनेही मांडीन. आणि तुझी बाजू त्यांना माझ्यापेक्षा जास्त पटली, तर ते काम मला करावंच लागेल, आवडो न आवडो. पण मग ते प्रकाशकाने मागितलं म्हणून नसेल.